सीबीएसई, ब्रिटिश की आयबी? दुबईत दोन वापरून आणि तिसरा शेजारून बघून

मिक्सर घ्यायचा तर आपण चार दुकानं पालथी घालतो. वॉरंटी किती, जार किती, सांगलीला सर्व्हिस सेंटर आहे का, सगळं विचारतो. लेकीची शाळा मात्र आम्ही २०१८ साली एका दुपारात ठरवली. कंपनीने कुसैसला फ्लॅट दिला होता. खालच्या मजल्यावरच्या केरळी वहिनींची दोन मुलं ज्या बसने जायची, त्या बसमध्ये एक जागा रिकामी होती आणि ती बस एका सीबीएसई शाळेची होती. संपला विषय.

आता लेक ब्रिटिश शाळेत इयर नाइनला आहे, म्हणजे आपल्या आठवीला. पुढच्या दोन वर्षांसाठी आयजीसीएसईचे, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या दहावीचे, विषय निवडायचा फॉर्म टेबलावर पडलाय. तो भरता भरता सगळा मागचा हिशेब वर आला, म्हणून हे लिहितेय. मी जबल अलीला एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे शाळेची पहिल्या दिवसापासूनची एकूण एक पावती फाइलला लावलेली आहे. सीबीएसई सव्वाचार वर्षं वापरलं, ब्रिटिश साडेतीन वर्षं वापरतोय. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकालॉरिएट, आम्ही घेतलेलं नाही. पण आत्ताच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ठाण्याचं कुटुंब आहे, त्यांचा मुलगा आयबी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याची आई रोज लिफ्टमध्ये भेटते. त्यामुळे तेही बऱ्यापैकी जवळून पाहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. मधली वर्षं कुठल्याही अभ्यासक्रमात बरी जातात. पोर शाळेत जातं, डबा खातं, मैत्रिणी मिळवतं. नळाचा पाइप जसा सांध्यालाच गळतो, तसं हेही आहे. अभ्यासक्रम कसा आहे ते शिरताना, बदलताना आणि बाहेर पडताना कळतं. ओपन डेला मात्र स्विमिंग पूल दाखवतात.

सीबीएसई

पहिलीची फी साधारण ९,००० दिरहम, बसचे ३,५०० वेगळे. पुस्तकांचा एक खोका मिळायचा. वर्गात ३४ मुलं. या तिघांत हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ असं अजिबात नाही. गणित पक्कं झालं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर तिसापर्यंत पाढे, पावकी आणि निमकी करून घेतली, ती शाळेच्या अभ्यासाला नेमकी जुळली. हिंदी होतं, म्हणून देवनागरी हातात बसली आणि मराठी वाचन जवळजवळ फुकटात पदरात पडलं. शाळा एप्रिलला सुरू, मार्चला संपणार. उद्या सामान बांधून सांगलीला जायचं झालंच तर एप्रिलला तिथल्या सीबीएसई शाळेत जाऊन बसायचं, पुस्तकंसुद्धा तीच. शिरायला आणि घरी परतायला इतका सोपा सांधा दुसऱ्या कशाचाच नाही.

मग खटकलं काय? एकदा पर्यावरणाच्या पेपरात प्रश्न होता, पाऊस पडल्यावर काय होतं. लेकीने लिहिलं, मातीचा वास येतो. लाल फुली. वहीत उतरवून दिलेल्या उत्तरात नद्या, तळी, पिकं होती, वास नव्हता. अर्ध्या मार्कासाठी शाळेत जाऊन भांडणारी मी नव्हे, पण जी पोर वर्षातून महिनाभर सांगलीला जाते आणि पावसाच्या सरीत अंगणात धावते, तिने दुबईत बसून हे लिहिलं होतं. तो पेपर मी अजून जपून ठेवलाय. हा दोष बोर्डाचा की त्या बाईंचा? आज मला वाटतं, ३४ वह्या तपासणाऱ्या कोणाचंही असंच होईल. अलीकडे बोर्डाने आकलनावरचे प्रश्न वाढवलेत असं खालच्या वहिनी सांगतात. त्यांचा थोरला आता बारावीला आहे.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि तिसरी लॅपटॉपवर गेली. त्या वर्षाचं परीक्षण मी करणार नाही. कोणाचंच करू नये.

बदल, म्हणजे खरा खर्च

२०२२ मध्ये नवऱ्याने नोकरी बदलली. नव्या कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये शिक्षण भत्ता होता, वर्षाला ३५,००० दिरहम. बिऱ्हाड अल बर्शाकडे आलं. भत्ता फक्त शाळेच्या पावतीवर मिळतो, वाचवून खिशात घालता येत नाही. त्यामुळे ९,००० ची शाळा ठेवण्यात काही शहाणपण उरलं नाही. खरं सांगायचं तर ब्रिटिश अभ्यासक्रम आम्ही निवडला नाही, ऑफर लेटरने निवडला. इथल्या दहापैकी आठ घरांत हेच होतं. कबूल मात्र कोणी करत नाही, सगळे ‘होलिस्टिक’ वगैरे बोलतात.

प्रवेशाला कॅट फोर नावाची चाचणी असते. शब्द, संख्या, आकृत्या आणि घड्या घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे चार भाग. तिची फी ५०० दिरहम, वर पाच टक्के कर. लेकीला पाढे येत होते, पण घडी उलगडायचा सराव कोणी दिलेला नव्हता. तरी जागा मिळाली, इयर सिक्सला.

आता हा हिशेब बघा. मार्च २०२२ मध्ये चौथी संपली. एप्रिलपासून पाचवी सुरू झाली, सत्राची फी भरली, पुस्तकांचा खोका आला. जूनपर्यंत पाचवी झाली. ऑगस्टअखेर ब्रिटिश शाळेत इयर सिक्स सुरू झालं. त्यांचं इयर वन पाचव्या वर्षी सुरू होतं, म्हणून आपली इयत्ता अधिक एक केलं की त्यांचं इयर येतं. म्हणजे इयर सिक्स ही पाचवीच, पहिल्यापासून. सासूबाईंना फोनवर हे सांगताना माझी पुरती दमछाक झाली.

“अगं, परवा तर चौथी पास झाली. एकदम सहावीत कशी गेली पोर?”

“आई, सहावी नाही. इयर सिक्स. म्हणजे पाचवी.”

“पाचवी तर एप्रिलपासून चालूय की.”

“ती सोडली. आता परत पाचवी.”

“मग नापास झाली असं सांग की सरळ. त्यात लाजायचं काय?”

एप्रिल आणि सप्टेंबरच्या या सांध्यात आमचे फी, पुस्तकं, बस धरून चार हजारांच्या वर दिरहम गेले आणि एक कोरा खोका खालच्या वहिनींच्या धाकट्याला दिला. शिवाय जुन्या शाळेची सगळी देणी चुकती केल्याशिवाय टीसी निघत नाही, आणि आमच्या बाबतीत लायब्ररीचं एक पुस्तक हरवलेलं निघालं. ते सोफ्याच्या मागे होतं. ज्यांना भारतीय शाळेतून ब्रिटिश किंवा आयबीकडे जायचंय, त्यांनी मार्चलाच नव्या शाळेशी बोलणं पक्कं करावं आणि एप्रिल ते जूनचं काय ते दोन्हीकडे आधी विचारावं. उलट दिशेने गेलात तर त्रास आणखी वेगळा. जूनला वर्ष संपवून येणारं मूल अडीच-तीन महिने आधी सुरू झालेल्या वर्गात जाऊन बसतं.

ब्रिटिश

पहिल्या वर्षी फी ३२,००० होती, आज ४१,००० आहे. दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणारी केएचडीए दरवर्षी फीवाढीची मर्यादा ठरवते. २०२५-२६ साठी ती २.३५ टक्के होती. ऐकायला छान. पण मूल वरच्या इयरला गेलं की त्या इयरची मुळातली फीच जास्त असते, आणि ती उडी या टक्क्यांत येत नाही. केएचडीएच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचं फीपत्रक असतं. त्यात आपल्या मुलाच्या इयरच्या पुढची पाच वर्षं वाचा. आम्ही फक्त पहिली ओळ वाचली. मी अकाउंटंट आहे हे वर सांगितलंच आहे, तेव्हा लाज वाटते. फीवर व्हॅट नाही, गणवेशावर मात्र पाच टक्के आहे. आणि गणवेश म्हणजे पीईचा वेगळा, पोहण्याचा वेगळा, हाउसच्या रंगाचा टीशर्ट वेगळा.

शिकवण्याबद्दल मात्र मी खूश आहे. पहिल्याच महिन्यात लेक घरी येऊन म्हणाली, उद्या ‘फ्रंटेड अ‍ॅडव्हर्बियल’वर गृहपाठ आहे. मी बी.कॉम., नवरा बी.ई., दोघांनी तोंडाकडे बघितलं. वाक्याच्या सुरुवातीला येणारा क्रियाविशेषणाचा तुकडा, एवढंच ते. ‘काल रात्री, गच्चीवर, चोरपावलांनी...’ असं वाक्य सुरू करायचं. यावर इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत पोरांचा घाम काढतात. पण सहा महिन्यांत पोरीचं लिखाण पालटलं. मातीच्या वासाला इथे टिक मिळाली असती, नव्हे, त्यावर अर्धं पान लिहायला सांगितलं असतं.

गणितात ती वर्गापेक्षा पुढे होती, पण पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले. उत्तर बरोबर होतं, कसं आलं ते लिहिलेलं नव्हतं. “तोंडी येतंय तर लिहायचं कशाला?” हा तिचा प्रश्न. पाढ्यांच्या जोरावर आलेल्या मुलांचं पहिलं वर्ष असं जातं. इयर एटपर्यंत मात्र गंमत उलटली. तिचा आकडेमोडीचा वेग कमी झाला. सासूबाईंनी परवा सतरा सत्ते विचारलं तर तिने फोनमधलं कॅल्क्युलेटर शोधलं. कॉलवरच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तक्रार हवीच असेल तर ही: एका वर्षात इंग्रजीचे तीन शिक्षक बदलले. इथले बरेच शिक्षक करारावर येतात आणि आपल्यासारखेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतात. तिसऱ्या शिक्षिकेने पालकसभेत लेकीचं कौतुक केलं, अगदी मनापासून केलं, पण ते वर्णन भलत्याच मुलीचं होतं. म्हणून शाळा बघायला गेलात की पूल नंतर बघा. गेल्या वर्षी किती शिक्षक गेले ते आधी विचारा. केएचडीएच्या जुन्या तपासणी अहवालांत शिक्षक बदलण्याचं प्रमाण असायचं. तोच अहवाल आतून वाचावा. फाटकावरच्या ‘आउटस्टँडिंग’ किंवा ‘व्हेरी गुड’ फलकावर साल कुठलं आहे ते बघा. २०२४-२५ मध्ये नेहमीच्या पूर्ण तपासण्या झाल्याच नाहीत, त्यामुळे फलक नवा रंगवलेला असला तरी शेरा जुना असू शकतो.

अरबी दोन्ही शाळांत होतं. इथल्या नियमाने खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही पहिली ते नववी, म्हणजे इयर टेनपर्यंत, ते घ्यावंच लागतं. आठवं वर्ष चालू आहे. लेक दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचते, बक्कालाच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या काकांशी मात्र हिंदीतच बोलते, कारण काका मलबारचे आहेत. दोन्ही शाळांना या बाबतीत सारखेच कमी मार्क.

आणि मराठी. हिंदी गेलं, फ्रेंच आलं. देवनागरी कुठे डोळ्यांसमोर येईना. गेल्या ऑक्टोबरला सासूबाईंनी वाढदिवसाचं पत्र स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं, एका ओळखीच्या माणसाबरोबर, चकलीच्या डब्यात. लेक पाच मिनिटं ते अक्षर लावत बसली. ‘चिरंजीव’ला अडकली, ‘शुभाशीर्वाद’ सोडून दिलं. तिसरीत असताना तिने हेच पत्र खडाखडा वाचलं असतं. तेव्हापासून शनिवारी सकाळी ओळखीच्या एका ताईंकडे सहा मुलं मराठीला बसतात. २०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी झाली, तेवढी एक सोय. ब्रिटिश किंवा आयबी घेणार असाल तर या ताई आधी शोधा, शाळा नंतर.

आयबी, लिफ्टमधून

ओपन डेला आम्हीही गेलो होतो, २०२२ मध्येच. कॉफी उत्तम होती. फी तेव्हाच ७०,००० च्या पुढे. वर्गाच्या भिंतीवर ‘चौकस’, ‘जोखीम घेणारा’, ‘चिंतनशील’ असे दहा गुण लावले होते. नवरा हळूच म्हणाला, हा तर लग्नाचा बायोडाटा. मला मात्र तिथली प्राथमिकची मुलं आवडली. दहा वर्षांचा एक मुलगा पाण्याच्या टंचाईवरचा स्वतःचा प्रकल्प अनोळखी बाईला न घाबरता समजावून सांगत होता आणि मी विचारलेला प्रश्न त्याला येत नव्हता तर “मी शोधून सांगतो” म्हणाला.

मुळात आयबी जन्मलंच आपल्यासारख्यांसाठी. जिनिव्हात १९२४ साली आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या नोकरदारांच्या मुलांसाठी शाळा निघाली. पुढे अशा मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात जाता यावं, यासाठी परीक्षा हवी म्हणून १९६८ मध्ये आयबी संस्था जिनिव्हातच उभी राहिली. म्हणून दर तीन वर्षांनी देश बदलणाऱ्यांना, आज दुबई, उद्या सिंगापूर, परवा ॲम्स्टरडॅम अशांना, याच्यासारखा सांधा नाही. एका आयबी शाळेतून दुसऱ्यात जाताना मूल रस्त्यात पडत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्या आईबापांना माहीत असते. डिप्लोमात मातृभाषेचं साहित्य, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी, शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासून घेता येतं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने घेतलं नाही. मी त्याच्या जागी असते तरी बहुधा घेतलं नसतं.

कारण डिप्लोमा माणसाला पिळून काढतो. सहा विषय, त्यांतले तीन वरच्या पातळीचे. शिवाय ज्ञान म्हणजे काय यावरचा एक विषय, ४,००० शब्दांचा एक निबंध आणि वर सेवा-खेळ-कला यांची नोंदवही. एकूण गुण ४५. तो मुलगा गेले वर्षभर दुबई-शारजा रस्त्यावरच्या गर्दीचं अर्थशास्त्र लिहितोय. आई लिफ्टमध्ये म्हणते, “निबंध झाला, आता तेवढा अभ्यास राहिलाय.” त्याला नेदरलँड्सला अर्थशास्त्राला जायचंय. त्याच्यासाठी हा माल चोख आहे.

पण त्याच्या आईच्या मैत्रिणीच्या मुलीला भारतात डॉक्टर व्हायचंय, आणि तिचं बघा. भारतात मेडिकलला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत दोन विज्ञान विषय बसतात. तिसरा हवा तर शाळेने खास परवानगी काढायची. ती मिळते, पण वेळेत विचारावं लागतं. तिच्या घरच्यांना हे अकरावीच्या दिवाळीत कळलं. शाळेच्या समुपदेशक बाईंना इंग्लंडची विद्यापीठं तोंडपाठ होती, ‘नीट’ ही भारतातली मेडिकलची प्रवेश परीक्षा म्हणजे काय ते मात्र त्यांना विचारावं लागलं.

परतीचा सांधा

खरं परीक्षण इथे सुरू होतं आणि यावर ओपन डेला कोणी चकार शब्द काढत नाही.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून जागा हवी असेल तर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. घर सांगलीत, रेशनकार्ड सांगलीत, मतदान सांगलीत, पण पोरीने दहावी दुबईत दिली की त्या रांगेतून ती बाहेर. मग अखिल भारतीय १५ टक्के किंवा महागडा एनआरआय कोटा. अभ्यासक्रम कुठलाही असो, सीबीएसई असलं तरी हेच. नीट देण्यासाठी भारतात जायची गरज २०२१ पासून उरली नाही, दुबईत केंद्र आहे. पण परीक्षा इथे देता आली म्हणून कोटा मिळत नाही.

आता इंजिनीअरिंगला याच्या नेमकं उलट. एनआयटीत परदेशस्थ मुलांसाठी ‘डासा’ म्हणून योजना आहे आणि आखाती देशांतल्या कामगार-नोकरदारांच्या मुलांना त्यात भारतातल्या मुलांइतकीच ट्यूशन फी लागते. त्यासाठी अकरावी-बारावी भारताबाहेर झालेली लागते. आधी सॅट या अमेरिकी परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळायचा, २०२१ पासून जेईई मेनवर मिळतो. म्हणजे मुलीला डॉक्टर व्हायचं तर दहावीच्या आधी महाराष्ट्रात पोचवा, इंजिनीअर व्हायचं तर बारावीपर्यंत हलवू नका. आणि हे ठरवायचं कधी? तेरा-चौदाव्या वर्षी, जेव्हा तिला मानसशास्त्रज्ञ किंवा बेकर व्हायचं असतं.

जेईई आणि नीटचा अभ्यास सीबीएसईच्या पुस्तकांवर उभा आहे. ब्रिटिश किंवा आयबीतली मुलं हुशारीने कमी नसतात. पण त्यांना दोन अभ्यास समांतर करावे लागतात, संध्याकाळी करामाला क्लास लावून. त्यांची गाडी आणि आपलं संध्याकाळचं जेवण दोन्ही शेख झायेद रस्त्यावर अडकतं.

निकालाच्या तारखांचीही गंमत आहे. सीबीएसईचा बारावीचा निकाल मेमध्ये येतो, आयबीचा जुलैच्या सुरुवातीला, आयजीसीएसई आणि ए लेव्हलचा, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या बारावीचा, ऑगस्टमध्ये. महाराष्ट्रात अकरावीची ऑनलाइन प्रवेशाची धामधूम त्याआधीच बरीच पुढे गेलेली असते. आयजीसीएसई घेणाऱ्या केंब्रिज मंडळाची मार्चमधली परीक्षा भारतातल्या शाळांना मिळते, ती याच अडचणीवरचा उतारा. दुबईतल्या मुलांना मात्र मे-जूनची वाट बघावी लागते. शिवाय भारतात आयजीसीएसईला दहावी समजायचं तर किमान पाच विषय ‘सी’ किंवा त्यावरच्या श्रेणीत हवेत आणि भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागतं. ते निघतं, कागद वेळेवर दिले की.

परतून महाराष्ट्रातल्या शाळेतच जायचं ठरलं तर मराठी आहेच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत ते सक्तीचं झालं, आयबी शाळासुद्धा त्यात आल्या. त्यामुळे शनिवारच्या ताईंची फी मी शाळेच्या खर्चातच धरते, महिना १५० दिरहम. आठ वर्षांतली सगळ्यात रास्त पावती.

तर कोणी काय घ्यावं

व्हिसा दोन-तीन वर्षांचा आणि मन गावाकडे असेल तर सीबीएसई, डोळे मिटून. शेजारी ‘तुम्ही ब्रिटिश का नाही घेतलं’ विचारतील, विचारू देत. कंपनी देश बदलवत राहणार आणि फी कंपनीच भरणार असेल तर आयबी. स्वतःच्या खिशातून असेल तर पुन्हा एकदा बसून हिशेब करा. दुबईत निदान बारावीपर्यंत राहणार, पुढे इंग्लंड, युरोप किंवा इथलंच विद्यापीठ चालणार असेल तर ब्रिटिश. भारत अगदीच सोडायचा नसेल तरी ब्रिटिश जमतं, फक्त विषय डोळ्यात तेल घालून निवडावे लागतात. बदल करायचाच असेल तर आठवीच्या आत करा. सीबीएसईत नववीलाच बोर्डाची नोंदणी होते आणि आयजीसीएसई हा दोन वर्षांचा एकच धडा आहे. अर्ध्यात उतरणाऱ्याचे दोन्हीकडून हाल.

मार्क विचाराल तर सीबीएसईला पाचपैकी साडेतीन, ब्रिटिशला चार, त्यातला अर्धा मातीच्या वासाचा. आयबीला लिफ्टमधून मार्क देणं बरं नव्हे.

आमचा फॉर्म अजून टेबलावरच आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही वेगवेगळे घ्यायचे हे मी आणि नवऱ्याने ठरवलं. एकत्रित विज्ञान घेतलं तर पुढे भारताचं दार अर्धं बंद होतं. गणित एक्स्टेंडेड, कारण कोअर घेतलं तर कितीही चांगला पेपर लिहिला तरी ‘सी’च्या वर श्रेणीच मिळत नाही. हे त्या फॉर्मवर कुठेही छापलेलं नाही, मीच विचारून काढलं. इंग्रजी भाषा आणि साहित्य दोन्ही आलं. उरली एक चौकट. नवरा म्हणतो कॉम्प्युटर सायन्स, मी म्हणते अकाउंटिंग, घरात कोणाला तरी फीपत्रक नीट वाचता आलं पाहिजे. लेकीने पेन्सिलीने भूगोलावर खूण करून ठेवलीय. शेवटची तारीख गुरुवार आहे. काल सासूबाईंचा फोन आला, कितवीत जाणार म्हणून. इयर टेन म्हटलं. पलीकडे थोडी शांतता. “म्हणजे नववी,” त्या म्हणाल्या. “मी वहीत लिहून ठेवलंय. एक वजा करायचा.”